पंचांग बघून मुंबई बंदर: कॅरावॅन पनवेलला, आपण लाँचवर

सोलापुरातून निवृत्त मंडळी कॅरावॅन घेऊन मुंबईला निघाली की पहिला प्रश्न येतो, गेटवेजवळ गाडी कुठं लावायची? लावायचीच नाही. साधारण सात मीटर लांब आणि टपावर एसी बसवलेली गाडी बहुतेक बंदिस्त पार्किंगच्या आडव्या दांडीखालून जात नाही. फोर्टातल्या गल्ल्यांत वळण घेताना मागचं टोक फूटपाथवर चढतं, आणि दिवसभर लक्ष दृश्यात कमी, गाडीत जास्त राहतं. गाडी खाडीच्या अलीकडे, पनवेलला ठेवा. बंदर रेल्वेतून आणि पाण्यावरून बघा. बंदर असंही पाण्यावरूनच नीट कळतं.

पनवेलला अंगण असलेला लॉज शोधताना फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या: सपाट जागा, अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट, आणि संडासाची टाकी त्यांच्या शौचालयात रिकामी करायची परवानगी. तिसरं विचारायला लोक लाजतात आणि तिथंच अडतात. वीस लिटरची कॅसेट (संडासाखालची, काढून नेता येणारी टाकी) दोन माणसांना जेमतेम तीन दिवस पुरते. ती थोडी थोडी ओतायची, प्रत्येक वेळी बादलीभर पाणी मारायचं. एकदम उपडी केली तर भांडं तुंबतं. भांड्या-आंघोळीचं पाणीही रस्त्याकडेच्या गटारात सोडू नका, ते थेट खाडीत जातं.

पाण्याच्या हिशेबात सोलापूरकरांना काही शिकवायला नको. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावातला माणूस दोघांत पंचवीस-तीस लिटरवर दिवस सहज काढतो. मात्र घाट उतरताना टाकी भरलेली नको. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत आडवे पडदे नसतील तर वळणावर पाणी एका अंगाला धावतं. निघताना तळाला थोडं ठेवा, बाकी पनवेलला भरा.

रस्ता नेहमीचा: मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस. पहाटे पाचला निघालात तर नेमके नऊ-दहाच्या गर्दीत लोणी काळभोर ते हडपसर सापडता. त्यापेक्षा सातला निघा आणि भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी निवांत न्याहारी करा. सोलापूरपासून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तिथून पुढं पुणं दुपारी पार होतं. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी असतात, पुढं शिवडीलाही रोहित दिसतील.

खंडाळ्याच्या उतारावर चूक एकच होते, पण ती मोठी असते: वरच्या गिअरमध्ये सोडून पाय सतत ब्रेकवर ठेवणं. तीन-चार टनांची गाडी त्यानं ब्रेक तापवते, तेलात बुडबुडे येतात आणि पेडल खाली जाऊ लागतं. उतार सुरू होण्याआधीच दुसरा-तिसरा गिअर घ्या, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक ठामपणे दाबा आणि सोडून द्या. जळका वास आला तर थांबायच्या जागेत अर्धा तास थंड होऊ द्या. चाकावर पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. गॅसचा सिलिंडर निघण्याआधीच व्हॉल्व्हपाशी बंद हवा. नुसती शेगडी बंद करणं पुरेसं नाही.

मुंबईची दमट हवा सोलापुरी सामानाला मानवत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा प्रवासाला सर्वांत भरवशाचा शिधा, पण डबा हवाबंद नसेल तर पनवेलला दोन रात्रींत भाकरी वातड होते. जाड चादर धुतली तर वाळत नाही, म्हणून पातळ न्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्री दोन पंखे पुरतात: तीस वॉटचे दोन, आठ तास, म्हणजे ४८० वॉट-तास. १२ व्होल्ट २०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मंच काढायचं, म्हणजे सुमारे १२०० वॉट-तास. छोटा फ्रिज धरून एक रात्र आणि एक दिवस निघतो. एसी मात्र सॉकेट असेल तरच.

आता मुख्य गोष्ट. बंदरातले दिवस घड्याळावर ठरवू नका, भरती-ओहोटीवर ठरवा. त्यासाठीचं साधन आपल्या गावातच छापलं जातं, ते म्हणजे दाते पंचांग. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अशी भरती दिवसातून दोनदा, आणि तिच्यापासून सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून पाऊण तासाचा हिशेब जुळतो. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, तेव्हा आदल्या रात्री मुंबई बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघून पक्कं करा. पण सोलापुरात बसून आठवडा ठरवायला पंचांग पुरतं.

एवढं कशासाठी, तर पायऱ्यांसाठी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईत भरती साडेचार मीटरपर्यंत चढते आणि ओहोटी अर्ध्या-एक मीटरपर्यंत उतरते. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि हलत्या लाँचवर पाय टाकायला खाली वाकावं लागतं. सत्तरीतल्या गुडघ्यांना यात खरा धोका आहे. म्हणून घारापुरीचा दिवस पौर्णिमा, अमावास्या किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत धरा. पाणी सकाळपासून चढतं आणि बारा-एकला भरलेलं असतं. सोमवार टाळा, लेणी बंद असतात. गेटवेवरून लाँचला तासभर लागतो. उतरल्यावर लांब धक्का आहे, तिथं छोटी गाडी धावते. पुढं सुमारे १२० पायऱ्या, डोलीवाले पायथ्याशी असतात, भाव आधी ठरवा. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवू नका, पट्टे बांधा. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरची लाँच बुडून माणसं गेली.

सदाशिवाच्या मूर्तीसमोर वेळ द्या. जवळजवळ सहा मीटर उंचीचं ते शिल्प बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर लगेच दिसत नाही, डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. गर्दीतले लोक तेवढ्यात फोटो काढून निघून जातात.

पनवेलहून सीएसएमटीला जायची लोकल म्हणजे नावातच बंदर असलेली हार्बर लाइन. सुमारे ऐंशी मिनिटं. गाडी पनवेललाच सुटते, जागा मिळते. डावीकडची खिडकी धरा: आधी वाशीचा खाडीपूल, मग वडाळ्यानंतर शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड. कॉटन ग्रीनची गोदामं बघताना जुन्या मिलचा भोंगा ऐकलेल्या सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही की कापूस कुठून कुठं जात होता. पुढची गोदी ही १९४४ च्या १४ एप्रिलला फोर्ट स्टिकिन बोटीच्या स्फोटानं उद्ध्वस्त झालेली. विझवायला गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांचा त्यात जीव गेला, म्हणूनच देशभर अग्निशमन सप्ताह त्या तारखेपासून असतो. साडेसहाच्या आधीची गाडी पकडा नाहीतर साडेदहानंतरची. परतताना पाच ते साडेआठ टाळा. रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) बघूनच निघा.

रोहित पक्ष्यांसाठी शिवडीची जेट्टी, जानेवारीपासून. भर ओहोटीला पक्षी चिखलात दूर जातात, भर भरतीला चिखलच नसतो. भरतीच्या आधी किंवा नंतर दोन-तीन तास, ही वेळ. पौर्णिमेला म्हणजे सकाळी नऊ किंवा दुपारी तीन.

उरणमधल्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच स्वस्त आणि सुंदर आहे, पण मोऱ्याला गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच थांबते. पौर्णिमा-अमावास्येला ही ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, नेमकी परतीच्या वेळी. त्या दिवशी लोकलनंच परत या.

शेवटच्या दिवशी कॅरावॅनलाही पाण्यावर न्यायचं. पनवेलहून अटल सेतू (२१.८ किलोमीटर, त्यातले १६.५ समुद्रावर) पार करून शिवडीला उतरा, तिथून भाऊचा धक्का जवळ आहे. सेतू सुरू झाला तेव्हा कारला एकेरी २५० रुपये टोल होता. कॅरावॅनचा फास्टॅग कुठल्या वर्गात नोंदलाय ते आधी बघा. पुलावर उंच गाडीला आडवा वारा ढकलतो, ७० च्या वर जाऊ नका, आणि थांबायला मनाई आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, तासाभराची. बुकिंग करताना गाडीची लांबी आणि उंची एसीसकट मोजून सांगा. अंदाजे आकडा दिला तर रांगेतून परत फिरावं लागतं. सिलिंडर आहे हे आपणहून सांगा. डेकवर हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाका, कपाटांच्या कड्या लावा, मग वर जाऊन बसा. मांडव्याहून अलिबाग, वडखळ, पेण करत पनवेलला पोचता, उलट फिरावं लागत नाही.

पनवेल सोडण्याआधी गाडीचं पोट गोड्या पाण्यानं धुऊन घ्या: पाटे, ब्रेकच्या नळ्या, पायरीचे बिजागर. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन लावा. हे सोलापूरला पोचल्यावर करू म्हटलं तर साडेतीनशेहून अधिक किलोमीटरची धूळ त्या मिठावर बसते आणि मग नुसत्या पाण्यानं निघत नाही.