पाठ केलेलं उत्तर

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये, ईस्ट ब्रॉडवेला गेले होते. जवळच मॅनहॅटन ब्रिज. वरून ट्रेन धडधडत गेली की बोलणं अर्ध्यावर थांबवावंच लागतं. वस्ती बरीचशी चीनमधल्या फुजियान प्रांताकडच्या लोकांची. तिथे शेंगदाण्याच्या सॉसमधल्या नूडल्स खाल्ल्या. मला थेट उपासाची दाण्याची आमटीच आठवली. आमटी म्हणजे काय ते समजावताना आमचा बराच वेळ गेला.

मग एका जुनाट इमारतीसमोर थांबून म्हणाली, "तिसरा मजला. आई इथे शिवायची."

१९९५ साली, सात वर्षांची असताना ती आली. वडिलांचा व्हिसा संपला, माणसं राहिली. शाळा सुटली की ती इथे यायची आणि तयार शर्टांचे लोंबते धागे कात्रीने कापत बसायची. मजुरी नगावर, त्यामुळे तिचेही हात लागायचे. अजूनही दुकानात कपडा हातात घेतला की ती आधी उलटा करून आतली शिवण बघते, मग किंमत.

पण बोलता बोलता ती परत परत एकाच गोष्टीवर येत होती. सकाळी केस विंचरताना आई विचारायची, कुणी विचारलं तर काय सांगशील? "मी इथेच जन्मले." आमच्याकडे परवचा म्हणून घ्यायचे तसं, रोज. पाढा चुकला तर चालेल, हे चुकता कामा नये. तिला आलेलं पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य हेच.

कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही, असा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८२ चाच आहे. पण तिच्या आईला ते कोण सांगणार? आई शाळेच्या फाटकाच्या आत कधी गेलीच नाही.

आणि वाक्य किती जुनं! १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार लावून घेतलं. पुढे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा कित्येकांनी हेच सांगितलं, मी इथेच जन्मलो, म्हणजे इथलाच नागरिक. त्यांचे मुलगे म्हणून नावापुरते 'कागदी मुलगे' आले. बोटीवर वह्या घोकायच्या, कारण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर, आलेल्यांची चौकशी व्हायची तिथे, साहेब विचारणार, घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, शेजारी कोण. घोकून झालं की वही समुद्रात.

मला माझी व्हिसाची मुलाखत आठवली. वांद्रे-कुर्ला संकुलात रांगेत उभं राहून मीही लग्नाची तारीख, नवऱ्याचा पगार पुटपुटत होते, घशाला कोरड पडली होती. हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि गिळून टाकलं. माझी उत्तरं खरी होती. काखेत आईने नीट लावून दिलेली जाडजूड फाइल होती.

पुष्कळ वर्षांनी त्यांचे कागद झाले. आई आता क्वीन्सला असते, नागरिक आहे, न चुकता मत देऊन येते. टपालपेटीवर मात्र नाव लावू देत नाही. मैत्रिणीने दोनदा चिकटवलं. दोन्ही वेळा पुढच्या रविवारी बघितलं तर नखाने खरवडून काढलेलं.