बिडी कोण ओढत होतं?

कुरकुंभच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. डिसेंबरची सकाळ, हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना चटचट आवाज यायचा. सॉल्व्हंट यार्डात टोल्युईन, म्हणजे पेट्रोलसारखं चटकन पेटणारं एक द्रावक, भरणं चालू होतं. लोखंडी ड्रम संपले म्हणून स्टोअरमधून २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम आणलेला. तोंडात स्टीलचं नरसाळं, वरून पंपाची नळी.

भक्कन आवाज झाला आणि नरसाळं उडालं. ऑपरेटरने नळी टाकली, पण पळता पळता पंप बंद करायचं बटण दाबलं. भुवया करपल्या, तेवढ्यावर निभावलं. एक जण पाण्याचा पाइप ओढत आला, त्याला मी ओरडून थांबवलं. टोल्युईन पाण्यावर तरंगतं. फवारा मारला असता तर जळतं सॉल्व्हंट गटारातून थेट शेजारच्या शेडमध्ये. फोमने आग विझली तोवर ड्रम वितळून निम्मा झाला होता.

मॅनेजर आले ते विचारतच, "बिडी कोण ओढत होतं?" मुकादमाने एका कंत्राटी पोराकडे बोट दाखवलं. खिशात काडेपेटी सापडली नाही, तरी गेटपास काढून घेतला. आग लागली की आपल्याकडे आधी माणूस शोधतात.

मी बघत होतो अर्थिंगच्या क्लिपकडे, म्हणजे ड्रम तारेने जमिनीशी जोडणाऱ्या चिमट्याकडे. बोर्डावर लिहिलेलं, 'ड्रमला क्लिप लावल्याशिवाय भरू नये.' ऑपरेटरने लावली होती. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ती तशीच रुतून बसलेली.

टोल्युईनमधून वीज जवळजवळ वाहत नाही. नळीतून वाहताना त्याच्यावर स्थिर विद्युतभार चढतो आणि तो नरसाळ्यावर साठतो. प्लास्टिकवर बसलेलं नरसाळं अधांतरीच. भाराला जमिनीत जायला वाट नाही. नळीचं धातूचं टोक जवळ आलं की ठिणगी. टोल्युईनच्या वाफेला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी पुरते, म्हणजे बोटाला जाणवणारही नाही एवढी. त्यात पेट्रोलच्या टाकीत वाफ सहसा इतकी दाट असते की आत पेट घेत नाही. टोल्युईनचं तसं नाही. हवेत १.१ ते ७.१ टक्के वाफ असली की ती पेटते, आणि २० अंशांना बंद ड्रममध्ये ती भरते तीनेक टक्के. बरोबर मधोमध.

हे तोंडी सांगून पटेना. मग वर्कशॉपमध्ये नवा प्लास्टिक ड्रम, नरसाळं आणि विजेला सलग वाट असली की बीप वाजवणारा मल्टिमीटर घेऊन बसलो. एक टोक नरसाळ्याला, दुसरं अर्थिंगच्या पट्टीला. मीटर गप्प. "आता लोखंडी ड्रमवर दाखवा," मॅनेजर म्हणाले. क्लिप लावली, तरी मीटर गप्पच. ड्रमवर रंगाचा जाड थर होता. पटाशीने खरवडल्यावर बीप वाजला.

"म्हणजे रोजच...?"

"हो साहेब, रोजच."

रंग फोडून आत रुतणाऱ्या दातेरी क्लिपा त्याच आठवड्यात मागवल्या. यार्डातून प्लास्टिकचे ड्रम हद्दपार झाले, आणि नरसाळ्याऐवजी तळापर्यंत पोचणारा, अर्थिंग केलेला धातूचा पाइप आला. पोराचा गेटपास संध्याकाळी परत मिळाला. अर्ध्या दिवसाची हजेरी मात्र मुकादम मांडेना. तेवढ्यासाठी मला पुन्हा ऑफिसात जाऊन भांडावं लागलं.