मायक्रोसेकंदाचा हिशोब

भोसरीतल्या एका गाळ्यात आम्ही दोघा मित्रांनी काम सुरू केलं, तेव्हा जवळ एक शिडी, एक क्रिम्पिंग टूल आणि उधारीवर आणलेला पॉवर मीटर होता. मॉल, सभागृहं, हॉस्पिटलं यांच्या आत मोबाइलची रेंज पोचवायची, केबल ओढायची, छतात अँटेने बसवायचे, एवढंच काम. वेळ जुळवण्याचा प्रश्नच यायचा नाही. टॉवरकडून येणारा आणि फोनकडून जाणारा सिग्नल वेगवेगळ्या पट्ट्यांत असायचा, फ्रिक्वेन्सी बरोबर असली की भागायचं.

टीडीडी, म्हणजे टाइम डिव्हिजन डुप्लेक्स ही पद्धत आली आणि कामाचं रूपच बदललं. एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलायचं आणि ऐकायचं. ऑक्टोबर 2022 मध्ये देशात 5जी सुरू झालं, त्यातला 3300 मेगाहर्ट्झचा पट्टा असाच चालतो. शेजारच्या दोन सेलच्या, म्हणजे एकेका टॉवरच्या किंवा अँटेन्याच्या टापूंच्या, वेळेत 3 मायक्रोसेकंदांहून (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) जास्त फरक चालत नाही. म्हणून प्रत्येकाला मूळ वेळेपासून जेमतेम दीड मायक्रोसेकंद पुढे-मागे सरकायची मुभा. बाहेरचा टॉवर ही वेळ जीपीएसवरून घेतो. स्लॅबखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये आकाश कुठून आणायचं? मग गच्चीवर जीपीएसचा अँटेना, खाली ग्रँडमास्टर, म्हणजे सगळ्यांना वेळ देणारं मुख्य घड्याळ आणि तिथून फायबरवरून पीटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ पोचवायच्या पद्धतीने, मजल्यामजल्यावर वेळ.

हे आम्ही खऱ्या अर्थाने शिकलो एका प्रदर्शन केंद्रात, चूक करून. काम सोपवून झालं, बिलही निघालं. जूनमध्ये फोन आला की गेटजवळ कॉल तुटतायत. पहिला दिवस छतातले अँटेने तपासण्यात गेला, दुसरा कनेक्टर बदलण्यात. तिसऱ्या दिवशी गच्चीवर चढलो. पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड टाकली होती आणि आमचा पांढरा, अळंबीसारखा अँटेना बरोबर तिच्याखाली. घड्याळ होल्डओव्हरवर, म्हणजे आतल्या क्रिस्टलच्या भरवशावर, चाललं होतं आणि हळूहळू सरकत होतं. आतले सगळे सेल एकमेकांशी जुळलेले होते, म्हणून हॉलच्या मधोमध काहीच तक्रार नाही. गेटवर मात्र बाहेरच्या टॉवरची गाठ पडायची आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यात घुसायचं. घड्याळाने अलार्म दिला होता, पण तो कुठल्याच स्क्रीनला जोडलेला नव्हता. जोडायचं काम आमचं होतं. त्या तीन दिवसांचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे टेपने मोजल्याशिवाय केबल पुढे जात नाही. अँटेन्याच्या केबलमध्ये मीटरमागे 4 ते 5 नॅनोसेकंद (मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग) जातात, तो आकडा घड्याळात भरावाच लागतो. फायबरचं दुखणं वेगळं. पीटीपी जायची आणि यायची वाट सारखीच धरून चालतं. एकदा तुटलेली केबल जोडताना एक तंतू लांबच्या वाटेने फिरवला गेला, 200 मीटर जास्त. अर्धा मायक्रोसेकंद तिथेच गेला! आता जमेल तिथे दोन्ही दिशा एकाच तंतूवरून नेतो.

आज आम्ही 11 जण आहोत. दर मे महिन्यात प्रत्येक साइटची गच्ची बघून येतो, बोलावलं नसलं तरी.

गेल्या वर्षी त्याच केंद्रातल्या मेंटेनन्सच्या काकांचा आपणहून फोन आला, "साहेब, उद्या पत्रे चढवतोय. ते तुमचं पांढरं आधी हलवायचं का?" आमचा पोरगा त्याच संध्याकाळी पाइप घेऊन गेला. अँटेना शेडच्या वर काढला, 12 मीटर केबल वाढली, आणि घड्याळात नवा आकडा भरूनच तो घरी गेला.