ढग आले की आधी मिक्सर

सोलापूरच्या नवी पेठेत कुणी ओळखीचं भेटलं की प्रश्न ठरलेला असतो, "काय अण्णा, आता निवांत का?"

रानात राहायला गेलेला माणूस लिंबाखाली बाजेवर पडून वारा खातो, असं लोकांना वाटतं. रील बघून बघून ते आणखी पक्कं झालंय. मी "हो, निवांत" म्हणतो आणि चहा घेतो. खरं सांगायला बसलो तर चहा गार होईल, म्हणून ते इथं लिहितोय.

आमचं रान उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या अलीकडं. बरंचसं काळं, कडेला एक मुरमाड पट्टा. त्या मुरमावर वस्ती बांधली. विजेची लाईन तिथून बरीच लांबून गेलीय. खांब, तार आणि डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) खर्चाचा आकडा कागदावर बघितला आणि तेवढ्या पैशात पत्र्यावर सोलर बसवलं. यात तत्त्वज्ञान काही नव्हतं. घरात गॅसची टाकी आहे, दारात मोटारसायकल आहे, मोबाईलला रेंज येते. तार तेवढी येत नाही.

त्याआधीचं सगळं आयुष्य सोलापूर शहराच्या पूर्व भागात गेलं. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचो. पलीकडं यंत्रमागांचा खडखडाट, अलीकडं माझं टेबल, मध्ये एक काच. मागावरची माणसं मोठ्यानं बोलतात, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नाही. ती सवय माझ्याबरोबर रानात आली. बायको म्हणायची, "अहो, ओरडू नका, मी इथंच आहे." आता आवाज खाली आलाय. फोनवर मात्र अजून तोच जुना.

निवांतपणाचं म्हणाल, तर कामं कमी झाली नाहीत. उलट वाढलीच. कुठलं काम कधी करायचं ते मात्र आता आम्ही ठरवत नाही. शहरात बटण दाबलं की वीज, मग ती कुठून आली आणि किती उरली याची पंचाईत कुणाला? इथं आधी वर बघायचं, मग मीटरवर बघायचं आणि मग बटणाला हात लावायचा.

आमच्याकडं ३३५ वॅटची चार पॅनेल आहेत. स्वच्छ ऊन असलं तर दिवसाकाठी पाचेक युनिट मिळतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३.६ युनिट. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत हाताशी असतात १.८ युनिट. जुना पंखा ७५ वॅट ओढायचा. आता कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे आहेत, २८ वॅटचे. दोन पंखे रात्रभर आणि चार दिवे झोपेपर्यंत, एवढ्याला सहाशे वॅट-अवर म्हणजे ०.६ युनिट पुरतात. बाकीचं ढगाळ दिवसासाठी राखून ठेवायचं. फ्रीज लहान आहे, तो दिवसा चालतो. रात्री बंद करतो आणि आत बर्फाच्या बाटल्या ठेवतो. दूध टिकतं.

हा सगळा हिशेब मी वहीत मांडला होता, जन्माची खोडच ती. बायकोनं वही उघडूनही बघितली नाही. तिनं स्वतःचा एक नियम काढला. ढग आले की आधी मिक्सर, मग बाकीचं. दुपारी बाराच्या उन्हात वाटण करून ठेवायचं, इस्त्री करायची, सगळ्यांचे मोबाईल चार्जिंगला लावायचे. संध्याकाळी पाहुणा आला आणि वाटण नसलं, तर पाटा आहे. शेंगाची चटणी मात्र ती ऊन कडक असलं तरी मिक्सरला लावत नाही. मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. उखळात कुटली की शेंगदाण्याला तेल सुटतं, लसूण आणि तिखट त्यात मुरतं, आणि चटणी मुठीत धरली की तिचा गोळा होतो. तिच्याकडून हे शिकायला मला रानात यावं लागलं. शहरात चटणी पुड्यातून यायची.

आता एक गोष्ट, जी सांगितली तर लोकांना पटत नाही. सोलापूरचा वैशाख म्हणजे ४३-४४ अंश. एवढं ऊन, मग वीज बदाबदा मिळत असेल ना? तसं नसतं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. २५ अंशांच्या वर काच आणि सेल जसे तापतात, तशी दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात दुपारी पॅनेलला हात लावून बघा, चटका बसतो. सेल ६५ अंशांवर गेला की सोळा टक्के तिथंच गेले. त्यात धूळ. संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत, हवा गार आणि आभाळ निळं असतं. तेव्हा भर दुपारी मीटरवर जो आकडा दिसतो, तो मेमध्ये बघायला मिळत नाही. मेमध्ये दिवस मोठा असतो म्हणून एकूण हिशेब भरून निघतो, इतकंच.

धूळ पहाटे धुवायची, पॅनेल तापायच्या आत. बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात. म्हणून पावसाचं पाणी साठवतो. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचा पत्रा साठ चौरस मीटर आणि सोलापूरचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे तेहतीस हजार लिटर. वाया जाणारं सोडा, टाकीच दहा हजारांची आहे. तरीही ती भरते कधी, तर भाद्रपदाकडं. मृगाच्या पावसाचं कौतुक कोकणानं करावं. आमचा खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा.

त्याच पावसावर रब्बीची ज्वारी उभी राहते. मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली एम ३५-१ अजून आमच्या भागात टिकून आहे. पेरणीनंतर पाणी देत नाही. काळ्या मातीनं जे पोटात धरलंय त्यावर आणि दवावर ती वाढते. थंडी सरत आली की जमिनीला भेगा पडतात. हात आत जाईल एवढ्या. त्या भेगांतून ओल उडून जाते. म्हणून पीक लहान असतानाच कोळपं मारायचं. वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि ओल आत राहते. शेजारच्या वस्तीवरची आक्का मला पहिल्यांदा म्हणाली, "एक कोळपणी, अर्धं पाणी. विहिरीकडं काय बघत बसलाय?" हिशेबाची वही तिलाही दाखवली नाही.

पाखरांचं मला काही कळत नव्हतं. टिटवी तेवढी ओळखीची, तीही रात्री ओरडते म्हणून. उन्हाळ्यात नांगरट चालली होती. ट्रॅक्टरवाला पोरगा एका जागी थांबला आणि "अण्णा, हिकडं या" म्हणाला. ढेकळांच्या मधल्या खळग्यात चार अंडी. मातकट, काळे ठिपके, निमुळती टोकं आत केलेली. दोन पावलं मागं सरलो तर मलाच परत सापडेनात. पोरानं न विचारता तेवढा तुकडा वळसा घालून सोडला. वर म्हणाला, "डिझेल जास्त लागलं तर टिटवीच्या नावावर लिहा."

त्यानंतर मी दुपारी पडवीत बसून बघत राहायचो. बेचाळीस अंशांत अंडी उघड्यावर. शिजत कशी नाहीत? मग दिसलं. ठिबकच्या नळीला एका सांध्यावर गळती होती. तिथं थोडं पाणी साचायचं. एक टिटवी तिथं यायची, पाण्यात बसल्यासारखं करून पोटाची पिसं भिजवायची आणि तुरुतुरु जाऊन अंड्यांवर बसायची. अंडी गार करायची तिची ही रीत. नर-मादी पाळीपाळीनं बसतात, असं नंतर वाचलं. मला त्यातला कोण नर आणि कोण मादी ते आजही सांगता येत नाही. गळका सांधा मी पिल्लं निघेपर्यंत दुरुस्त केला नाही. आक्काचं म्हणणं वेगळंच. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर दुष्काळ. आमची खोलगटात होती. त्या साली पाऊस बरा झाला. आक्का म्हणते, तो खळगा उंचवट्यातच धरायचा.

काळवीट येतात. मुरमाड माळावर कळप उभा दिसला की शहरातले पाहुणे फोटो काढतात. तोच कळप कोवळ्या ज्वारीत शिरला की रात्रभर राखण आमच्या वाट्याला. निसर्गाशी जवळीक म्हणतात ती ही. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य इथलंच, १९७९ सालचं. आधी कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळ होतं, पुढं कमी करत ते साडेबाराशेच्या आत आणलं. माळढोक मी अजून पाहिलेला नाही. म्हातारी माणसं सांगतात की पूर्वी तो शेताच्या बांधापर्यंत यायचा. माळ मोडून ऊस आणि द्राक्षं झाली, गवत गेलं, तो कुठं राहणार? माझ्या रानातला तो मुरमाड पट्टाही नांगरून टाका असं सांगणारे कमी नाहीत. अजून तरी कुसळी आणि पवन्या गवत तिथं उगवू देतोय.

मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, रानातल्या पूजेला, सगळे नातलग येतात. कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. जेवण झालं की भाचेमंडळी विचारतात, "मामा, चार्जिंगचा पॉईंट कुठाय?" मी म्हणतो तीन वाजेपर्यंत काय लावायचं ते लावा. तीननंतर हात लावायचा नाही. पोरं हसतात, पण रांग लावतात.

सध्या घरात वाद चालू आहे तो वॉशिंग मशीनचा. माझा हिशेब तयार आहे. गार पाण्यावर चालवलं तर फारशी वीज लागत नाही. माघापासून वैशाखापर्यंत दुपारी आरामात चालेल.

"आणि घटाचं धुणं?" बायको म्हणाली. "गोधड्या, चादरी, सगळं पितृपक्षात निघतंय. तेव्हा तुमचा उत्तरा-हस्त. ढग. मशीन काय माघात धुवायला आणायचं?"

वही परत काढलीय. तिसरी बॅटरी जुन्या दोघींना जोडता येत नाही, सगळ्या एकदमच बदलाव्या लागतात.