बाही वर कर बरं जरा

आमच्या कंपनीच्या भरतीच्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'अंगावरील ओळखीची खूण'. पोरं तिथं तीळ लिहितात, नाहीतर लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण. अलीकडं मात्र 'उजव्या हातावर गोंदलेले', 'मानेवर टॅटू', 'छातीवर आईचे नाव' असंही बरंच दिसायला लागलंय. म्हणजे खूण कुठं आहे हे आम्हीच विचारायचं, पोरानं बिचाऱ्यानं खरं खरं लिहायचं, आणि तोच फॉर्म इंटरव्ह्यूच्या टेबलावर आला की आमच्या प्लांटच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचं, "बाही वर कर बरं जरा."

मी संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत टू-व्हीलरचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. एचआर म्हटलं की लोकांना एसीतली केबिन दिसते. आमच्याकडं एचआर म्हणजे हजेरी, पीएफ, कँटीनच्या डाळीत पाणी किती, कुणाचा गेटपास हरवला, आणि कुणाच्या मामाचं लग्न असल्यामुळं कुणाला कशी सुट्टी पाहिजे, हे सगळं. पोरं येतात गंगापूर, वैजापूर, पैठण, अंबड, गेवराईकडची; लांबून परभणी-हिंगोलीचीही. आयटीआय झालेली. फिटर, टर्नर, वेल्डर. रांजणगाव नाहीतर बजाजनगरला चौघं-पाचजण मिळून खोली करून राहतात.

टॅटू आणि टोचण्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण या विषयावर आमच्या ऑफिसात जेवढी मतं आहेत तेवढी पगारवाढीवरही नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की हरकत मशीनची आहे की माणसाची, हे आधी ठरवा. मशीनची असेल तर मी सगळ्यात कडक. माणसाची असेल तर ती लेखी द्या, सहीसकट. आजवर एकानंही दिलेली नाही.

मशीनची हरकत खरी असते. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, जॉब म्हणजे कातायचा तुकडा फिरतोय, पोरगं वाकून बघतंय, गळ्यात साखळी, कानात लोंबती बाळी, मनगटात कडं आणि त्यावर चार गंडेदोरे. चालती मशीन तपासणाऱ्यानं, तिला तेल घालणाऱ्यानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं 1948 च्या कारखाने कायद्यानंच सांगून ठेवलं होतं, ते उगाच नाही. अंगठी तर सगळ्यात वाईट. ती अडकली आणि हात ओढला गेला की बोटाची कातडी मोजा काढावा तशी सोलून निघते. हे मी कितीही सांगितलं तरी पोरं ऐकून घेतात आणि सोडून देतात. मॅडमला काय कळतंय मशीनमधलं! सोनारानंच कान टोचलेले बरे म्हणतात, म्हणून आता नवीन बॅचला हे मेंटेनन्सचे मामा सांगतात. मामा स्वतःची उघडी बोटं समोर धरतात आणि म्हणतात, "लग्नातली अंगठी घरी कपाटात हाय. बायको म्हणते घाला, मी म्हणलो बोट पायजे का अंगठी पायजे?" पुढच्या दहा मिनिटांत निम्म्या अंगठ्या खिशात गेलेल्या असतात.

बायकांच्या बाजूला हे इतकं सोपं नाही. पॅकिंगला आणि इन्स्पेक्शनला बायका आहेत. त्यांना मंगळसूत्र काढा म्हणायची कुणाची छाती होत नाही. मग तोडगा निघाला. मंगळसूत्र ड्रेसच्या आत, वरून ॲप्रन, आणि नाकातल्या मुरणीवर मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी. सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी चेंजिंग रूममधल्या आरशासमोर रांग लागते. एकजण पट्टी दातानं तोडते, छोटे चौकोन करून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवते, बाकीच्या एकेक उचलून नाकावर लावतात. संध्याकाळी तीच पट्टी निघताना नाकपुडीचा रंगही थोडा घेऊन जाते. कुणाची कुरकुर नाही. का, तर कारण सांगितलेलं आहे. वरचा खडा पडून पॅकिंगच्या पेटीत गेला तर कस्टमरकडून कंप्लेंट येते, हे त्यांना पाठ आहे. खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यांत तर दागिना, घड्याळ, बांगडी काहीच चालत नाही. तिथंही कारण उघड आहे.

आता टॅटू. तो लेथमध्ये अडकत नाही, पेटीत पडत नाही. मग अडकतो कशात?

आमच्याकडच्या पोरांचा पहिला नंबर पोलीस भरती नाहीतर मिलिटरी. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं कुठल्याही गावाबाहेर बघा. तिथं गोंदण्याचे नियम लेखी आहेत. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला गोंदलेलं चालतं, बाकी अंगावर कुठंही असलं की बाहेर. फक्त आदिवासी जमातींच्या परंपरागत गोंदणाचा वेगळा विचार होतो. सीआयएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांत तर आणखी बारीक. तिथं आतली बाजू चालते ती फक्त डाव्या हाताची, कारण उजवा सलामीचा. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी पाहिजे. धार्मिक चिन्ह चालतं, नाव चालतं. नियम पटो न पटो, आधी वाचता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण सोळा-सतरा वर्षांचं पोरगं जत्रेत बॅटरीच्या मशीनपुढं हात धरून बसतं तेव्हा त्याला डावा-उजवा कोण सांगणार? बहुतेक पोरं उजवाच पुढं करतात.

असाच एकजण आमच्याकडं आला होता. गेवराईकडचा, वेल्डर. फॉर्मवर ओळखीच्या खुणेत लिहिलेलं, 'उजव्या हातावर जळाल्याची खूण'. साहेबांनी बाही वर करायला लावली. कोपराच्या खाली तळहाताएवढी जागा गुळगुळीत, गुलाबीसर, मध्ये मध्ये कातडी दोरीसारखी उठलेली, आणि कडेनं हिरव्या शाईची एक वेलांटी तशीच राहिलेली. मी विचारलं, कशानं भाजलं रे? तर म्हणाला, "भाजलं नाही मॅडम, बिब्बा लावला. भरतीला उजव्या हातावर चालत नाही म्हणले." बिब्ब्याचं तेल नुसतं बोटाला लागलं तरी फोड येतात, हे ज्यांनी घरात बिब्बे बघितलेत त्यांना सांगायला नको. याच्या मित्रांनी ते हातावर चोळलं होतं. जखम भरेपर्यंत भरती उरकून गेली. लेझरनं टॅटू निघतो, पण एका फेरीत नाही. मध्ये काही आठवडे सोडत बऱ्याच फेऱ्या लागतात, काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकट होते, हिरवी-पिवळी हट्टी. आणि प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे. बिब्बा किरकोळ पैशांत मिळतो.

त्याला आम्ही घेतलं. साहेबांनीच घेतलं, माझ्या सांगण्यावरून नव्हे. जळालेला हात त्यांना चालला. त्याच हातावर 'आई' हे अक्षर धड असतं तर चाललं असतं का, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं: बाही वर केल्यावर काय दिसतं त्यावर असतं सगळं.

इथंच खरी मेख आहे. आमच्या टेबलावर सगळे टॅटू सारखे नसतात. राजमुद्रा दिसली की चेहरे खुलतात, "वा, शाब्बास." महादेवाचा त्रिशूळ, ओम, आईचं नाव, यावर कुणी बोलत नाही. विंचू, कवटी, इंग्रजीत कुठलं तरी नाव असलं की "हे पोरगं टिकायचं नाही, भांडकुदळ वाटतंय." आणि मनगटावर निळ्या शाईत 'जय भीम' असलं की कुणी काहीच म्हणत नाही, फॉर्म मात्र उलटा करून आडनाव परत बघितलं जातं. हे मी या संभाजीनगर जिल्ह्यातच बघितलंय, जिथं बाबासाहेबांनी स्वतः मिलिंद कॉलेज उभं केलं. वाईट वाटायला नको? कागदावर 'व्यक्तिमत्त्व: साधारण' अशी नोंद होते आणि पोरगं परत रांजणगावच्या खोलीवर जातं. त्याला कळतही नाही की काय वाचलं गेलं.

स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कामगारांसाठीची कंपनीची लेखी नियमावली, माझ्या ड्रॉवरमध्ये असतात. गैरवर्तनाची भली मोठी यादी आहे त्यात: चोरी, दारू पिऊन येणं, वरिष्ठाचं न ऐकणं, न सांगता गैरहजर राहणं. गोंदण नाही. पण हे कामावर लागल्यानंतरचं. कामावर घेतानाच खासगी कंपनीनं टॅटू बघून नाही म्हटलं, तर त्या पोराच्या हातात धरण्यासारखं काही नाही.

माझी आजी अंबाजोगाई तालुक्यातली. कपाळावर गोंदलेलं, हनुवटीवर तीन टिपके, दोन्ही हातांवर तुळशीवृंदावन आणि कसली कसली नक्षी. गावात गोंदणारीण यायची, काजळी आणि पाल्याचा रस, तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या. आजी सांगायची, मेल्यावर सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदलेलं तेवढं संगं येतं. तिच्या वेळी कोऱ्या हाताच्या बाईला सासरी बोलणी बसायची. 1972 च्या दुष्काळात त्याच हातांनी तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मुकादम रोज हजेरी घ्यायचा, घमेली मोजायचा. बाही वर कर म्हणायचं कारणच नव्हतं, गोंदण सगळ्याच बायकांच्या हातावर होतं. आज आमच्याकडं झाडलोटीच्या ठेक्यावर तांड्यावरच्या बंजारा बायका येतात, हातभर गोंदलेल्या. त्यांच्याबद्दलही कुणाची तक्रार नाही. ठेक्यावरच्या बाईचा हात कोण बघतो? माणूस कंपनीच्या पगारपत्रकावर यायला लागला की टॅटूची तक्रार सुरू होते.

टोचण्याचं तर आणखी मजेशीर. मेंटेनन्सच्या त्याच मामांच्या नाकाला बारीक भोक आहे, आता बुजत आलेलं. आधीची दोन भावंडं गेली म्हणून हे नवसाचं पोर, जन्मल्यावर नाक टोचलं. गावाकडं नथू नावाची जुनी माणसं असतात ती अशीच. मामांच्या नाकावर आजवर कुणी बोललं नाही. शिवजयंतीला ऑफिसातली निम्मी पोरं भिकबाळी घालून येतात, त्यात साहेबही. दसऱ्याला नऊवारी आणि नथ घातलेल्या आम्हा सगळ्यांचा फोटो कंपनीच्या पेजवर जातो, खाली 'आमची संस्कृती' असं लिहून.

आणि क्वालिटीमध्ये डिप्लोमा झालेली एक मुलगी ट्रेनी म्हणून आली, नाकाच्या मधल्या पडद्यात बारीक रिंग. पहिल्याच दिवशी स्टोअरवाल्यांनी विचारलं, "मॅडम, ही वेसण कामून घातली?" सगळे हसले, तीही हसली. ती म्हणाली, "ओढून बघा, चालते का ते." त्यानंतर स्टोअरवाले तिच्या वाटेला गेले नाहीत. बारीक माप घ्यायचं मायक्रोमीटर धरायला तिचा हात कुणाहून कमी नाही. रिजेक्शनचं कारण ती ज्या झटक्यात शोधते ते बघून सुपरवायझर आता पार्ट घेऊन तिच्याकडंच येतात. साहेबांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, उद्या कस्टमर ऑडिटला आला तर काय म्हणल?" मी म्हटलं, सर, कस्टमर तिच्या रिपोर्टवर सही करून माल घेऊन जातो, नाकावर नाही. शॉप फ्लोअरवर गेली की ती पट्टी लावते, मुरणीवाल्या बायका लावतात तशीच. ते म्हणाले, "तसं नाही हो, पण..." आणि त्या 'पण'नंतर काहीच आलं नाही. साहेब वाईट माणूस नाही. लातूरकडचे आहेत, पोरांच्या बहिणीच्या लग्नाला स्वतःच्या खिशातून देतात. पण त्यांनी ज्या काळात नोकरी धरली त्या काळात शर्ट इन आणि बूट पॉलिश यावर माणूस तोलला जायचा, आणि तो तराजू त्यांच्या हातातून सुटत नाही.

शेवटी मी एक कागद तयार केला. फिरत्या मशीनवर अंगठी, कडं, लोंबतं काहीही, हातातले दोरे बंद, बायका-पुरुष सगळ्यांना, साहेबांच्या भिकबाळीसकट. वेल्डिंगला गळ्यात-हातात धातू नको. टोचलेल्या जागी खडा-रिंग काढता येत नसेल तर पट्टी. नवीन टॅटूची जखम ओली असेल तर भरेपर्यंत ऑइल-कूलंटजवळ ड्युटी नाही. शिवीगाळ किंवा दुसऱ्या जातीधर्माला डिवचणारं काही गोंदलेलं असेल तर ते झाकायचं. बाकी टॅटूवर प्रश्न विचारायचा नाही आणि इंटरव्ह्यूत बाही वर करायला लावायची नाही. साहेबांनी दोन दिवस कागद टेबलावर ठेवला, भिकबाळीच्या ओळीवर पेन आपटला, आणि शेवटी शॉप फ्लोअरपुरती सही केली. रिसेप्शन आणि मार्केटिंग मात्र वगळलं. "समोर दिसणारी माणसं आहेत ती."

रिसेप्शनची जागा सध्या रिकामी आहे. अर्ज आलेत त्यात जालन्याची एक मुलगी आहे, बोलायला चटपटीत, टॅलीही येते, आणि कानामागून मानेवर उतरणारी मोरपिसाची वेल. ओळखीच्या खुणेत तिनं तेही लिहिलंय, अगदी 'डाव्या बाजूस' वगैरे सकट. मी तिला सोमवारी बोलावलंय. साहेब म्हणतात ओढणी घेऊन बसायला सांगा, मी म्हणते आधी टायपिंगची टेस्ट घेऊ.