गोळी कुठे ठेवता, ते आधी विचारा

बीपीचा पेशंट गोळ्या चुकवतो म्हणजे त्याला त्यांचं महत्त्व कळलेलं नाही, असं आपण आरोग्य कर्मचारी किती पटकन धरून चालतो. मग परत समुपदेशन, परत पोस्टर, परत तेच लेक्चर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या रिपोर्टमध्येच आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण ५० टक्केच पेशंट औषधं नीट चालू ठेवतात. म्हणजे जिथे दवाखाने जवळ, माहिती हाताशी, तिथेही निम्मे गळतात, मग नुसतं सांगून काय होणार?

सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं कॉम-बी मॉडेल मला यासाठीच फार आवडतं. कुठलीही कृती घडायला तीन गोष्टी लागतात, ती करण्याची क्षमता, करायची सोय आणि करायची इच्छा. आपला सगळा जोर इच्छेवर, आणि सोयीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

एका घरभेटीत आजींच्या पाकिटात बऱ्याच गोळ्या शिल्लक दिसल्या. "विसरता का?" विचारलं तर "हो गं, वय झालं" एवढंच. मग मी म्हटलं, "आजी, गोळ्या ठेवता कुठे?" तर कपाटाच्या वरच्या खणात, नातू हात लावेल म्हणून! आजींचे गुडघे दुखतात, हात वर पोचत नाही, आणि सकाळी सुनेची कामावर जायची धांदल, तिला कशाला त्रास द्यायचा म्हणून त्या गप्प बसायच्या. विसरत वगैरे काही नव्हत्या. घट्ट झाकणाचा डबा आणला, नातवाच्या हाताला येणार नाही पण आजींच्या येईल अशा फळीवर, चष्म्याच्या शेजारी ठेवला, आणि आजींनीच ठरवलं की सकाळी चष्मा लावला की लगेच गोळी.

हे "अमुक झालं की तमुक करायचं" असं आधीच ठरवून ठेवणं, यावर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने भरपूर काम केलंय. २०११ मध्ये कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा फ्लूच्या लसीवरचा अभ्यास आला, त्यात एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना लसीचं पत्र पाठवलं आणि काहींच्या पत्रात फक्त तारीख आणि वेळ स्वतः लिहायला जागा ठेवली. लस घेणारे ३३ वरून ३७ टक्क्यांवर गेले. वाढ छोटी दिसते, पण खर्च जवळजवळ शून्य आणि कुणावर जबरदस्ती नाही, मला तरी ही मोठीच गोष्ट वाटते.

आणि हे फक्त पेशंटचं नाही हं. डॉक्टर-नर्सही माणसंच आहेत. ग्रँट आणि हॉफमन यांनी हॉस्पिटलमधल्या हात धुण्याच्या जागी दोन प्रकारचे फलक लावून बघितले, "हात धुतल्याने तुमचा आजारापासून बचाव होतो" आणि "हात धुतल्याने पेशंटचा बचाव होतो", तर दुसऱ्यानेच हात धुणं वाढलं. इंग्लंडमध्ये जास्त अँटिबायोटिक्स लिहिणाऱ्या दवाखान्यांना, तुमच्या भागातल्या ८० टक्के दवाखान्यांपेक्षा तुमचं प्रमाण जास्त आहे, असं सांगणारं पत्र गेलं आणि लिहून देणं ३.३ टक्क्यांनी घटलं (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०१६).

फक्त एक काळजी वाटते. या युक्त्या स्वस्त आहेत म्हणून वरचे लोक त्यांनाच चिकटून बसतील आणि स्टाफ, औषधं, वाहनं यांचे पैसे मात्र अडकूनच राहतील. आरोग्य केंद्रात गोळ्यांचा साठाच संपलाय आणि आपण पेशंटला आठवणीचे मेसेज पाठवतोय, याला वर्तनशास्त्र, म्हणजे माणसं कशी आणि का वागतात याचा अभ्यास, म्हणू नये. माणसाला चार वेळा रिकाम्या हाताने परत पाठवलं की पाचव्यांदा तो येतच नाही, आणि आपल्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे "सहकार्य करत नाही" असा शेरा पडतो. तो शेरा लिहिण्याआधी साठ्याची वही उघडून बघा, त्या तारखांना औषध होतं का.