अण्णा, ताप आणि म्हातारी कोंबडी

अण्णांना बर्फ बघायचा होता. म्हणून ते जानेवारीच्या शेवटी आले. जर्मनीत श्टुटगार्टला यायचं तर मे-जूनमध्ये या, हे मी फोनवर तीनदा सांगून बघितलं, पण "उन्हाळा आमच्याकडं काय कमी हाय व्हय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई ताईच्या बाळंतपणासाठी कोल्हापुरातच थांबली. बर्फ काही पडला नाही. अण्णाच पडले.

गुरुवारी रात्री दोन रजया अंगावर घेऊनही ते कुडकुडायला लागले. मी थर्मामीटर लावला आणि मोठ्याने वाचलं, "एकोणचाळीस पॉइंट दोन."

"एकोणचाळीस?" डोळे न उघडता अण्णा म्हणाले, "मग थंडच पडलो की रं मी."

सगळी हयात त्यांनी ताप फॅरनहाइटमध्ये मोजलेला. मी मोबाइलवर हिशेब केला, १०२.५ च्या वर निघाला. ते सांगितल्यावर कुठे त्यांना आपण आजारी असल्याची खात्री पटली.

इकडे शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक दवाखान्यांना कुलूप लागतं. मग सोमवारपर्यंत ११६११७ या नंबरवर फोन करून तातडीचा दवाखाना गाठायचा. ते नको म्हणून सकाळी आठलाच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. बायकोचं जर्मन माझ्यापेक्षा बरं, त्यामुळे बोलणं तिने केलं. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा बघितला आणि सांगितलं की विषाणूचा ताप आहे, छाती साफ आहे. पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि झोप. श्वास लागला किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर ताबडतोब या. आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "घरी कोंबडीचं सूप करा."

जिन्यात अण्णांची चौकशी सुरू झाली.

"सुई न्हाई टोचली?"

"नाही."

"सलाईन?"

"नाही, अण्णा."

"मला व्हिसाला तीस हजार युरोचा इमा काढाय लावला. आणि आता डॉक्टर म्हणतोय कोंबडी खा."

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपात यायच्या व्हिसाला, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण लागतं. विम्याचा हप्ता भरल्याचं दुःख अण्णांच्या मनात विमानात बसल्यापासून होतं. निदान एखादं इंजेक्शन तरी वसूल व्हायला हवं होतं, असं त्यांचं चाललं होतं.

त्या संध्याकाळी मी पहिलं सूप केलं आणि तो प्रकार इथे लिहायलाही लाज वाटते. सुपरमार्केटमधून बिनहाडाच्या मांसाचं पाकीट आणलं, कुकरला लावलं, चार शिट्ट्या काढल्या, वरून मिरपूड भुरभुरली. अण्णांनी एक चमचा तोंडात घेतला, वाटीत बघितलं आणि विचारलं, "ह्यातनं कोंबडी पोहून गेली काय?"

मग डोक्यापर्यंत रजई ओढून त्यांनी आतूनच सांगितलं, "अळणी कर."

कोल्हापूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे मटण असो की कोंबडी, आधी ती हळद, मीठ, आलं-लसूण घालून नुसती शिजवून घेतात. त्या शिजवणीचं जे पाणी ते अळणी. मीठ घातलेलं असूनही अळणी का म्हणतात, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं, तर "गप पी" असं उत्तर मिळालं होतं. तिखट नाही म्हणून अळणी, एवढंच. कोल्हापुरात ज्यात चटणी नाही त्याला चव आहे असं कोणी मानतच नाही. या एकाच पाण्याला नारळाचं दूध आणि खडा मसाला भेटला की पांढरा रस्सा होतो, कांदा-लसूण चटणी आणि खोबऱ्याचं वाटण भेटलं की तांबडा. पण त्याआधी, पातेलं चुलीवर असतानाच, पहिली वाटी घरातल्या लहान पोरांना, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. माझ्या सगळ्या गोवर-कांजिण्या त्या वाटीवर निघाल्या.

आता अळणीला कोंबडी कशी पाहिजे? अण्णांच्या भाषेत, "चार ठिकाणी अंडी घातलेली." म्हणजे गावठी, जून, शिजायला त्रास देणारी. इथल्या सुपरमार्केटात मिळते ती पाच-सहा आठवड्यांची कोवळी पोर. भाजायला ठीक, रश्श्याला तिच्यात काही नसतं. मी तसं बायकोला म्हणत होतो, तर ती म्हणाली, अरे, झुपेनहून आण की.

सहा वर्षं या गावात राहून मला हा शब्द माहीत नव्हता. झुपेनहून म्हणजे शब्दशः सूप-कोंबडी. अंडी देण्याच्या कामावरून निवृत्त झालेली. वर्ष-सव्वा वर्ष अंडी घालून तिचा वेग मंदावला की ती या नावाने विकायला येते. मांस चिवट, हाडं पक्की, पोटात पिवळीधमक चरबी आणि शिजायला दोन-तीन तास. थोडक्यात, अण्णा ज्या बाईचं वर्णन करत होते तीच.

शनिवारी सकाळी मार्क्टप्लाट्झच्या बाजारात गेलो. मंगळवार, गुरुवार, शनिवार असा तिथे बाजार भरतो. कोंबडीवालीने दीड किलोची एक काढून दिली आणि वर विचारलं, घरात कोण आजारी आहे? ही कोंबडी तरुण माणसं फक्त त्याच कारणासाठी नेतात म्हणे. शेजारच्या गाड्यावरून झुपेनग्र्यूनची जुडी घेतली. आपल्याकडे भाजीवाली कोथिंबीर-कढीपत्ता-मिरची एकत्र बांधून देते ना, तसलाच प्रकार: दोन गाजरं, सेलेरीच्या कंदाची एक फाक, लीकचा दांडा, पार्सली, सगळं एका रबरात. सूप करणाऱ्याने डोकं चालवायचं नाही, जुडी उचलायची.

घरी आलो तर नवीनच अडचण. शनिवार. अण्णा शनिवारी शिवत नाहीत, मारुतीचा वार. आणि रविवारी या देशात दुकानं बंद, म्हणून आजच आणणं भाग. एकशे दोन ताप असलेला माणूस उठून बसला.

"शनवारी कोंबडी आणलीस घरात?"

"फ्रीजमध्ये आहे, अण्णा. पोटात नाही."

त्यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि "खालच्या कप्प्यात ठेव, दुधाजवळ नको" एवढ्यावर मारुतीशी तडजोड झाली. शनिवार भाताच्या पेजेवर निघाला.

रविवारी सकाळी ताप शंभरावर आला होता. अण्णांनी माकडटोपी घातली, शाल घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. कुकर काढलेला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी कुकर परत ठेवला.

मोठं पातेलं. दोन पळ्या तेल, त्यात कांदा. कांदा मऊ झाल्यावर आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ, मग कोंबडीचे तुकडे. "परत. अजून परत. उग्र वास जाईपर्यंत परत." मग पातेल्यावर ताट आणि ताटात पाणी. आत कोंबडीला तिचं स्वतःचं पाणी सुटतं, वर ताटातलं पाणी तापतं, आणि तेच गरम पाणी थोडं थोडं आत ओतायचं. हे मी आईला हजार वेळा करताना बघितलं होतं. स्वतः करताना ताट उचललं, वाफ मनगटावर आली, आणि अर्धं पाणी शेगडीवर सांडलं. इंडक्शन शेगडीने टीं टीं करून स्वतःला बंद करून घेतलं. अण्णा तापात हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पाणी भरून झाल्यावर मंद आच. वर राखाडी फेस येतो तो पळीने काढत राहायचा. आणलेली जुडी वाया कशाला घालवायची म्हणून गाजरं आणि सेलेरीची फाकही सोडली. "ही कांद्याची पात एवढी जाड?" असं लीकबद्दल विचारून अण्णांनी तिलाही परवानगी दिली.

पहिला तास नुसता गेला. फेस काढता काढता मी मोबाइलवर वाचत होतो, तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड नावाच्या डॉक्टरांनी बायकोच्या लिथुआनियन आजीची सूपची रीत थेट प्रयोगशाळेत नेली होती. २००० साली त्यांचा निबंध छापून आला. जिथे संसर्ग असेल तिकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक जात असते. सुपामुळे त्यांची धावाधाव कमी होते, असं त्यांना प्रयोगशाळेत दिसलं. सर्दीत नाक-घसा सुजतो त्यात या पेशींचा हात असतो, म्हणून या गोष्टीला महत्त्व. अर्थात ते प्रयोगशाळेत. माणसाच्या नाकात तसंच होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारा ज्यू वैद्य मैमोनिडीज यानेही कोंबडीच्या सुपाची शिफारस करून ठेवली आहे. मी हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं.

"माझ्या आईला कुणी इचारलं न्हाई," अण्णा म्हणाले. "फेस काढ."

अडीच तासांनी वास सगळ्या इमारतीत गेला असणार, कारण दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या आजी. मला धस्स झालं, कारण आमच्या दाराला ती पाटी लटकत होती. श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्याला केअरवोख चुकत नाही. केअर म्हणजे झाडणं, वोख म्हणजे आठवडा: ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा आणि पाटी पुढच्या दाराला लावायची. शनिवारपर्यंत उरकायचं असतं. अण्णांच्या तापात जिना राहूनच गेला होता, आणि आजींचं त्या पाटीवर बारीक लक्ष असतं.

त्या बोलायला आल्या होत्या पाटीबद्दलच, पण नाक आधी पोचलं. "कोण आजारी आहे?" कोंबडीवालीचाच प्रश्न. मी वडील म्हटल्यावर त्या सरळ आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि पिवळ्या रंगाकडे बघून थबकल्या. हळद. मग मला विचारलं, थंड पाण्यात घातलीस ना? मी परतल्याचं आणि गरम पाणी ओतल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जिन्याचं बरं म्हणायची पाळी आली. त्यांच्यात कोंबडी अख्खी, थंड पाण्यात, आणि उकळी म्हणून येऊ द्यायची नाही. मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांनी मला मराठीत सांगितलं की न परतता शिजवली तर वास मारतो, हे त्यांना सांग. मी सांगितलं. आजींनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी आजींकडे. दोघांनीही माघार घेतली नाही.

मी दोन वाट्या भरल्या. वर सोनेरी तेलाचे बारीक बारीक ठिपके, कडेला कोथिंबिरीचं एक पान. अण्णांनी वाटी दोन्ही हातांत धरली, आधी वाफ घेतली, नाक पुसलं आणि तोंडाला लावली. चमचा त्यांनी बाजूला ठेवून दिला होता. आजींनी चमच्याने घेतलं. एक, दोन, तीन. मग त्या "लसूण पुष्कळ आहे" असं म्हणाल्या आणि वाटी संपवली. जाताना मी स्टीलच्या डब्यात त्यांना आणखी दिलं. जिन्याचं नाव निघालं नाही.

उरलेलं पातेलं फ्रीजमध्ये मावेना, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे गॅलरीत ठेवलं. बाहेर दोन अंश होते. सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर वर चरबीचा घट्ट पिवळा थर, आणि खाली सगळा रस थरथरणारी जेली होऊन बसलेला. हाडांतला आणि कातडीतला चिकटपणा उतरला की असं होतं. आमच्या घरी अळणी दुसऱ्या दिवसापर्यंत कधी उरलीच नव्हती, त्यामुळे अण्णांनीही हे बघितलं नव्हतं. त्यांनी बोटाने जेलीला टिचकी मारली, ती हलली, त्यांनी परत मारली. "बघ," ते म्हणाले, "हिच्यात माल होता."

दुपारी डबा परत आला. धुऊन, पुसून, पण रिकामा नाही. डबा रिकामा परत करू नये हे आजींना कोणी शिकवलं मला माहीत नाही. आत पातळ धिरड्यांच्या सुरळ्या करून त्यांच्या पट्ट्या कापलेल्या होत्या. फ्लेडल म्हणतात त्याला. या भागात रश्श्यात नूडल्स घालतात तशा या घालतात. अंडं, मैदा आणि दुधाची धिरडी.

मंगळवारी ताप पूर्ण उतरला. दुपारी मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होतो तेव्हा स्वयंपाकघरात डबे आपटल्याचे आवाज आले. मग दारातून अण्णांचं डोकं.

"चटणीचा डबा कुठं ठेवलाईस?"

संध्याकाळी उरलेल्या अळणीचा तांबडा झाला, त्यांच्या हातचा. मला ठसका लागला, बायकोने खिडकी उघडली. अण्णांनी व्हिडिओ कॉलवर ताट आईला दाखवलं.

"आणि ही बघ, वरची म्हातारी. रश्श्यात धिरडी चिरून घालती."

"अगंबाई! आणि तुम्ही खाल्लं ते?"

अण्णांनी फोन थोडा लांब धरला. "दोन वाट्या," ते म्हणाले.